जोशीसाहेबांचं घोडं

“सर, सगळं एवढं चांगलं आहे, तर मग घोडं पेंड कुठे खातंय?”

हा प्रश्न मी विचारला. शाळेच्या हॉलमध्ये, माईकवरून, गावातले समस्त वाडीवाले, सरपंच, मुख्याध्यापक आणि हॉलंडहून आलेले पाहुणे यांच्यासमोर. यात आवाज माझा होता, प्रश्न आईचा होता आणि पैज सोनलची होती. ही वाटणी आत्ताच सांगून ठेवते, कारण नंतर गावाने सगळंच्या सगळं माझ्या एकटीच्या नावावर जमा केलं.

आमचं गाव काशीद आणि मुरुडच्या मधलं. रस्त्याच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळाच्या वाड्या, आणि वाड्या संपतात तिथे आमचा घाणा. आसपासच्या गावांत खोबऱ्याचं तेल काढून देणारा आता हा एकच उरलाय. विजेवर चालतो आणि चालताना असा आवाज करतो की आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलतात. भांडण चाललंय की मीठ मागतायत, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही.

अपवाद फक्त मी होते. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात इतकं हळू “हजर” म्हणायचे की बाई मला समोर बघूनसुद्धा गैरहजर लावायच्या. मग स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा ऐन वेळी बसला आणि पडद्याजवळ उभी होते म्हणून बाईंनी माईक माझ्या हातात दिला. मी बोलले. लोक हसले, आणि जिथे हसायला हवं होतं तिथेच हसले. त्या दिवसापासून माझा आवाज जो सुटलाय तो परत जागेवर बसायला तयार नाही. आता मी दहावीत आहे आणि एस.टी.च्या कंडक्टरशीही वाद घालते.

घाण्याची पद्धत अशी. वाडीवाले सुकं खोबरं आणून देतात, बाबा तेल काढून देतात. तेल मालकाचं, पेंड घाण्याची. पेंड म्हणजे तेल निघून गेल्यावर खोबऱ्याचं जे काही उरतं ते. तीच आमची मजुरी. आजोबांच्या आधीपासून असंच चालत आलंय. ही पेंड आमच्या म्हशी खातात, आणि म्हशींचं दूध-दही आई काशीदच्या लॉजवाल्यांना घालते. त्यामुळे लोक आम्हाला तेलवाले म्हणत असले तरी आमचं घर चालतं पेंडीवर.

आणि तेवढ्यात हॉलंडची कंपनी आली.

तिला आणलं निकेतदादाने. निकेतदादा म्हणजे माधवकाकांचा मुलगा. माधवकाकांची वाडी गावात सगळ्यात मोठी. निकेतदादा लहानपणापासून पुण्याला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकला, त्यामुळे तो मराठी बोलतो तेव्हा इंग्रजी पिक्चरला मराठी आवाज दिल्यासारखं वाटतं. तर त्याने सांगितलं की हॉलंडच्या कंपनीला आपल्या किनाऱ्याचं सुकं खोबरं हवंय. तेल नाही, खोबरं. सगळ्या वाड्यांचं, सगळंच्या सगळं, पाच वर्षं. ते हॉलंडला नेणार, तिथे तेल काढणार, आणि समुद्राचं चित्र लावलेल्या चिमुकल्या बाटल्यांतून केसांना आणि तोंडाला लावायला विकणार. आमच्या घाण्याची शेड भाड्याने घेऊन तिचं कलेक्शन सेंटर करणार आणि बाबांना त्याचे इनचार्ज नेमणार. कंपनीचं नाव लिहिलेला शर्ट मिळणार. शिवाय खुर्ची.

शर्टाचं बाबांना काही नव्हतं. खुर्चीचं होतं. घाण्यावर बसता येत नाही. कडेला चढलेलं खोबरं सळईने सतत आत लोटत राहावं लागतं, आणि ते उभ्यानेच. बाबांचे गुडघे आता संध्याकाळी दरवाजासारखे वाजतात. घाणा विकत घ्यायला रेवदंड्याचा भंगारवाला येऊन बघूनही गेला होता. जाताना त्याने घाण्यावर थाप मारली, म्हैस विकत घेताना मारतात तशी. आईला ते आवडलं नाही.

“आनि म्हशींना काय घालू?” आईने विचारलं.

“पेंड इकत मिळते की बाजारात,” बाबा म्हणाले.

“खोबऱ्याची?”

“कसली का असंना.”

“सगळं एवढं ग्वाड हाय,” आई म्हणाली, “तर घोडं पेंड कुठं खातंय?”

“तुला सगळ्यात घोडंच दिसतं.”

हे संभाषण आमच्याकडे रोज व्हायचं, कधी कधी जेवायच्या आधीसुद्धा. मी ते दुसऱ्या दिवशी शाळेत सोनलला नकलेसकट सांगायचे. सोनल माझ्या बाकावर बसते. तिच्या डोक्यात कल्पना येतात आणि त्या अमलात आणायला तिला दुसरं माणूस लागतं.

“तुझी आई बरोबर विचारतेय,” सोनल म्हणाली. “पण चुकीच्या माणसाला. शुक्रवारी तो साहेब शाळेत येतोय ना? त्याला विचार.”

“वेड लागलंय?”

“मग गप्प बस. तसंही तू गेल्या वर्षी गप्पच असायचीस.”

हे बोलायची गरज नव्हती. पैज ठरली. विचारलं, तर वर्षभर एस.टी.त खिडकी माझी. नाही विचारलं, तर वर्षभर तिचं दप्तर मी वाहायचं. सोनलच्या दप्तरात डबा दोन मजली असतो.

शुक्रवारी हॉल भरला. पाहुण्यांचं नाव योस्ट. बॅनर छापणाऱ्याने ते “जोस्ट” केलं आणि मुख्याध्यापकांनी स्वागताच्या भाषणात “जोशीसाहेब” केलं. मग ते जोशीसाहेबच राहिले. उंच, लाल, हसरे, अंगात खादीचा कुडता. त्यांनी शाळेला प्रोजेक्टर भेट दिला आणि लगेच त्यावर स्वतःच्या कंपनीचा इतिहास दाखवला. भाषांतराला निकेतदादा.

“ह्यांच्या आजोबांच्या आजोबांनी ही कंपनी स्टार्ट केली,” निकेतदादा म्हणाला. “ते साबण बनवत होते.”

पहिल्या चित्रात जहाज होतं. दुसऱ्या चित्रात जावा बेटावरचा धक्का, धक्क्यावर पोती आणि पोत्यांखाली माणसं. माणसांचे चेहरे दिसत नव्हते. पोत्यांवरचं कंपनीचं नाव मात्र स्वच्छ वाचता येत होतं.

जोशीसाहेब मनापासून सांगत होते. माणूस लपवाछपवी करणारा नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यांनी सांगितलं की तेव्हा युरोपात साबणाला आणि खाण्याला चरबी पुरेना, म्हणून सगळे पूर्वेकडे आणि आफ्रिकेकडे वळले. जावा-मलबारकडून खोबरं, मद्रासकडून शेंगदाणा, आफ्रिकेतून पामचं फळ. फ्रान्सच्या मार्सेय बंदरात म्हणे शेंगदाण्याच्या बोटीच्या बोटी रिकाम्या व्हायच्या. तेलाचा साबण झाला, मेणबत्त्या झाल्या, आणि लोण्यासारखं दिसणारं पण लोणी नसलेलं मार्गारिन नावाचं एक प्रकरण झालं, ते गरिबांनी पावाला लावून खाल्लं.

“पण मग तेलच का नाही नेलं?” सरपंचांनी मध्येच विचारलं. “खोबऱ्याचं ओझं कशाला वाहायचं?”

जोशीसाहेबांना प्रश्न आवडला. ते म्हणाले, तेलाची पिंपं गळायची, आणि दुसरं म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांनी बाहेरून आलेल्या तेलावर जकात बसवली होती. खोबऱ्यावर, शेंगदाण्यावर जवळजवळ नव्हतीच. म्हणजे तेल काढायचं काम युरोपातच राहावं. त्यावर आमची गिरणी उभी राहिली, आमचं सगळं शहर त्या गिरणीवर उभं राहिलं. हे सांगताना त्यांचे डोळे जरा भरून आले. गिरणीचं चित्र आलं. गिरणी आमच्या घाण्यापेक्षा मोठी होती.

“ए, हा तर आपला धडा आहे,” सोनल माझ्या कानात म्हणाली. “कच्चा माल, पक्का माल.”

खरंच होता. परदेशी लोकांनी वसाहतींतून कच्चा माल नेला आणि पक्का माल आणून विकला. हे वाक्य आम्ही पाठ केलंय, दोन मार्कांना येतं. पण कच्चा माल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कायम कापूस यायचा, कारण पुस्तकातल्या चित्रात कापूस आहे. आमच्या अंगणात वाळत पडलेलं, ज्यावरून मी कावळे हाकलते ते खोबरं म्हणजे कच्चा माल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मग मी कावळे हाकलत होते ते नेमकं कुणासाठी, हेही.

नंतर प्रत्येकाला एकेक बाटली वाटली. माझ्या अंगठ्याएवढी. वर समुद्राचं चित्र, खाली इंग्रजीत लिहिलेलं: आमच्या कारागिरांनी हॉलंडमध्ये ताजं गाळलेलं. पुढच्या रांगेत प्रमोदिनीकाकूंनी बाटली उघडून वास घेतला आणि दोन बोटांवर थेंब घेऊन नेहमीच्या सवयीने भांगात घातला. तेवढ्यात अर्धी बाटली संपली. प्रमोदिनीकाकूंची वाडी समुद्राला लागून आहे. त्या मुरुडला शिक्षिका होत्या आणि अजूनही कुणाला मध्ये बोलू देत नाहीत.

“आता कुणाला काही शंका?” मुख्याध्यापकांनी विचारलं. हे ते शंका येऊ नये अशाच आवाजात विचारतात. बाहेर वडे तळले जात होते. वड्यांनंतर वाडीवाल्यांनी सह्या करायच्या होत्या.

सोनलने तिचं दप्तर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

मी उठले, माईक घेतला आणि विचारलं. सर, सगळं एवढं चांगलं आहे, तर मग घोडं पेंड कुठे खातंय?

हॉलमध्ये हशा उसळला. मागे बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी छताकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी माझं नाव आठवायचा प्रयत्न केला.

आता इथे कुणीही दुसरा माणूस असता, तर त्याने इंग्रजीत विचारलं असतं की यात मेख कुठे आहे, अडचण काय आहे. किंवा सरळ म्हणाला असता, मुलगी आभार मानतेय. पण निकेतदादा पुण्याच्या इंग्रजी शाळेतला. त्याच्या कपाळाला आठी पडली, त्याने शब्द मनात नीट लावून घेतले आणि अगदी प्रामाणिकपणे जोशीसाहेबांना इंग्रजीत सांगितलं, “या मुलीला विचारायचंय की घोडा पेंड कुठे खातो.”

जोशीसाहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले.

“इतका नेमका प्रश्न,” ते म्हणाले, “मला आजपर्यंत कुणी विचारला नव्हता!”

आणि त्यांनी उत्तर दिलं. निकेतदादा भाषांतर करत गेला आणि थांबायचं कुठे ते त्याला कळलं नाही.

“हे म्हणतात, तेल सगळे बघतात, पेंड कोणीच बघत नाही. पण गिरणी खरी पेंडीवर चालली. पेंड आमच्या शेतकऱ्यांनी गाईंना दिली. खोबऱ्याच्या पेंडीने दूध छान होतं, लोणी घट्ट होतं. म्हणजे तेलाचं मार्गारिन गरिबांना, आणि पेंडीचं खरं लोणी... म्हणजे, ज्यांना परवडतं त्यांना. एकाच खोबऱ्यातून दोन्ही. हे म्हणतात, आजसुद्धा पेंड वाया जात नाही. ती आम्ही विकतो. आणि घोडं...”

जोशीसाहेबांनी निकेतदादाला थांबवलं, मोबाईल काढला, वायर जोडली, आणि नव्या प्रोजेक्टरवर भिंतभर एक घोडं आलं. तपकिरी, चकचकीत. तोंड बादलीत. बाजूला त्यांची मुलगी, हसणारी.

“हे ह्यांच्या मुलीचं घोडं,” निकेतदादा म्हणाला. आता त्याचा आवाज माझ्या गेल्या वर्षीच्या आवाजासारखा झाला होता. “ह्याचं नाव बोटर. डच भाषेत बोटर म्हणजे लोणी. ते... ते रोज सकाळी पेंड खातं. खोबऱ्याची.”

बाहेर वडा कढईत पडल्याचा आवाज आला. तेवढ्या शांततेत प्रमोदिनीकाकू वर्गात म्हणायच्या तशा स्पष्ट म्हणाल्या, “म्हणजे घोडं हॉलंडला पेंड खातंय.”

पुढे काय झालं ते सांगता येत नाही. माणसं खुर्च्यांवरून घसरली. सरपंचांनी शेजारच्याच्या पाठीत गुद्दे घातले. माझ्या आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. जोशीसाहेबांना वाटलं, घोडं आवडलं. त्यांनी बोटरचे आणखी फोटो दाखवले.

हसून झाल्यावर मात्र लोक विचार करायला लागले, आणि हसून झाल्यावर केलेला विचार थांबवता येत नाही.

“सगळं खोबरं दिलं, तर आपल्या घरात तेल कुठलं?” मागून कुणीतरी म्हणालं.

“इकत घ्यायचं.”

“कुठनं? हितं तर घानाच न्हाय ऱ्हानार.”

सगळ्यांनी आपापल्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. प्रमोदिनीकाकूंची रिकामी झाली होती.

लोकांनी वडे खाल्ले, पण सह्या कुणी केल्या नाहीत. सोमवारी बघू, म्हणाले. माधवकाका वडा न खाताच घरी गेले. शनिवारपर्यंत सगळ्या गावात तेच चाललं होतं. दूधवाला उशिरा आला तर म्हणायचे, हॉलंडला गेला होतास काय रे? मला बघून पोरं खिंकाळायची. एस.टी.त खिडकी मिळाली, पण तिचं सुख मिळालं नाही.

शनिवारी संध्याकाळी निकेतदादा आमच्याकडे आला. घाणा बंद होता, तरी बाबांनी त्याला ओरडूनच “ये, बस” म्हटलं. तो बसला नाही.

“कल्पिता,” तो मला म्हणाला, “मी तुझ्यावर ॲंग्री नाही. पण सोमवारी आमच्या घरी सगळे परत येतायत. योस्ट सर मंगळवारपर्यंत लॉजवर आहेत. तू फक्त येऊन सॉरी म्हण. म्हण की ती गंमत होती. लोक परत सिरियस होतील.”

“त्यांना कुठे राग आलाय?” मी म्हटलं. “त्यांनी तर मला घोड्याचे फोटो दाखवले.”

“त्यांना नाही आला. म्हणूनच तर प्रॉब्लेम आहे. ते अजून विचारतायत की त्या हुशार मुलीला पेंडीवर आणखी काही विचारायचंय का.” मग तो बाबांकडे वळला. “गणराजकाका, सेंटरचं तुमचंच नाव फायनल आहे. पण सेंटरच झालं नाही, तर मी काय करणार?”

तो गेल्यावर बाबा हळू आवाजात बोलले. आमच्या घरात हे नवीन होतं.

“तुला कोनी सांगितलं व्हतं पुढं जायला?” ते म्हणाले.

“पैज होती.”

“मग आता माफी मागायला काय जातंय तुझं?”

“पण बाबा, मी खोटं काय बोलले?”

“खोटं न्हाय बोललीस गो,” बाबा म्हणाले. “खोटं बोलली असतीस तर कोन ऐकनार व्हतं?”

आणि ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. गुडघा वाजला.

मला वाटलं, आई तरी माझ्या बाजूची आहे. मी गोठ्यात गेले. आई मंगळीपुढे पेंड टाकत होती. मंगळी आमची सगळ्यात थोरली म्हैस, पेंड आल्याशिवाय दुधाला हात लावू देत नाही.

“आई, तुझाच प्रश्न होता तो.”

“व्हय. आनि उत्तर बी मिळालं,” आई म्हणाली. “पन आता पुढं? घाना ठेवला, तर तिथं उभं कोन ऱ्हानार? मंगळी?”

तिने पेंडीचं रिकामं घमेलं खाली ठेवलं.

“त्यांचे पाय रातच्याला मी शेकते,” आई म्हणाली. “तू न्हाय. घोडं दिसलं तुला, ते बरं झालं. बापाचे गुडघे बी बघ जरा.”

म्हणजे मी कुणाच्या बाजूने बोलले होते, हे आता मलाच कळेना. माफी मागितली तर म्हशी जाणार, घाणा भंगारात जाणार. नाही मागितली तर बाबा उभेच राहणार. सोनलला फोन केला तर ती म्हणाली, “हे पैजेत नव्हतं.”

रविवारी सकाळी प्रमोदिनीकाकूंचं खोबरं आलं. मोठमोठी पोती. काकू स्वतः बरोबर होत्या. म्हणाल्या, “गणराज, सगळं गाळून टाक. घोड्याने मागायच्या आत.” बाबा हसले नाहीत. त्यांनी घाणा सुरू केला.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि सळई त्यांच्या हातातून घेतली. त्यांनी दिली, कारण त्यांना वाटलं मी दोन मिनिटांत कंटाळेन. काम कठीण नाही. घाई केली तर खोबरं उडून डोळ्यात जातं, आळस केला तर कडेला चढून बसतं. मधलं काहीतरी करायचं असतं. माझ्या डोळ्यात दोनदा गेलं, मग गेलं नाही. बाबा बाजूला पोत्यावर बसले. घाणा चालू असताना बाबा बसलेले मी पहिल्यांदाच बघितले. त्यांनाही ते विचित्र वाटत असावं, कारण ते सारखे अर्धवट उठत होते.

“बाबा!” मी घाण्यावरून ओरडले. “कंपनी तेल का घेत नाही?”

“क्काय?”

“तेल! आपण इथे तेल काढून दिलं तर? बाटलीत तेच तर भरतात!”

गंमत म्हणजे ते “क्काय” ऐकू न आल्याचं नव्हतं, त्यांना पहिल्या ओरडण्यात सगळं ऐकू आलं होतं. गेल्या वर्षी माझा आवाज घाण्याच्या पलीकडे जात नव्हता. आता प्रमोदिनीकाकूसुद्धा ओट्यावरून वळून बघायला लागल्या.

“त्यांना खोबरंच पायजे!” बाबा ओरडले.

“असं ते म्हणाले?”

“निकेत म्हनला!”

“निकेतदादाने त्यांना विचारलं का, तेल चालेल का?”

बाबांनी विचार केला. तोपर्यंत तेल उतरायला लागलं होतं. आधी थेंब, मग धार.

“न्हाय,” ते म्हणाले. आता ते ओरडत नव्हते, पण मला ओठांवरून कळलं. “ते कुनी इचारलंच न्हाय.”

“जकात आहे का अजून तेलावर?”

“मला काय ठाव? मी काय हॉलंडला असतो?”

“त्यांच्या आजोबांच्या आजोबांच्या वेळी होती! हे आजोबांच्या आजोबांसारखंच करतायत, सवयीने! म्हणजे बहुतेक त्यांनाही कुणी विचारलेलं नाही!”

“गणराज,” प्रमोदिनीकाकू ओट्यावरून म्हणाल्या, “मुलगी तुझ्याशी भांडतेय की मीठ मागतेय?”

“कळत न्हाय,” बाबा म्हणाले.

संध्याकाळी घाणा थांबला तेव्हा माझे खांदे माझे राहिले नव्हते. पेंडीचा ढीग कोपऱ्यात निवत होता. बाबा पोत्यावरून उठले आणि त्यांचा गुडघा वाजला नाही. किंवा वाजला असेल, माझे कान अजून घाण्यातच होते.

जेवताना आईने सगळ्यांना वाढलं आणि स्वतःचं ताट घेऊन बसली. माशाचं कालवण होतं. बाबांनी दोन घास खाल्ले आणि उद्याचा विषय काढायचा की नाही, अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं.

“उद्या मी माधवकाकांकडे जाणार आहे,” मीच म्हटलं.

बाबांनी पुढचा घास मोठा घेतला. “शहानी गो माझी. दोन शब्द बोलायचे नि परत यायचं. जोशीसाहेब चांगला मानूस हाय.”

“चांगलाच आहे. पण मी माफी मागायला नाही जात. दुसरा प्रश्न विचारायला जातेय.”

आईचा हात भातात थांबला.

“इथे गाळलेलं तेल घेणार का, एवढंच विचारणार. तेल त्यांचं, पेंड घाण्याची. आपल्याकडे सगळ्यांना असतं तेच. बोटरला पेंड लागली, तर त्यांनी मागवावी, आपण विकू.”

“आनि निकेत ते कसं सांगेल त्यांना?” बाबांनी विचारलं. “परत घोड्यासारखं झालं तर?”

“निकेतदादाला भाषांतर करू देणार नाही. इंग्रजीत मीच विचारणार. चुकलं तर चुकलं, पण माझं चुकेल.”

“आनि न्हाय म्हनले तर?”

“तर नाही म्हणाले. पण विचारलेलं तरी असेल.” मी पाणी प्यायले, कारण पुढचं वाक्य मी दिवसभर घाण्यावर उभी राहून पाठ केलं होतं आणि ते घशात अडकायला नको होतं. “आणि ते काहीही म्हणोत, घाणा भंगारात जाणार नाही. उद्यापासून शाळा सुटली की सळई मी धरणार, सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवस. तुम्ही बाजूला बसून मला शिव्या द्यायच्या. खुर्ची कंपनीची कशाला हवी, बाबा? मुरुडहून आपलीच आणा.”